आठ की शून्य

जहाजावर आभाळाचे आठ भाग करायला शिकवतात. ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीच्या, बाहेर उघड्यावर उभं राहायचं, चारी दिशांना क्षितिजापर्यंत नजर फिरवायची आणि विखुरलेले सगळे ढग मनातल्या मनात एका बाजूला लोटले तर आठातले किती भाग भरतील, तो आकडा लिहायचा. एकही ढग नसेल तर शून्य. पूर्ण झाकलेलं असेल तर आठ. आणि आभाळाचा अंदाजच घेता येत नसेल तर नऊ. नऊ हा आकडा ढगांचा नाही, बघणाऱ्याचा आहे. त्याचा अर्थ, मला दिसत नाही. हे सगळं मला बाविसाव्या वर्षी तोंडपाठ होतं.

१९८४ चा फेब्रुवारी होता. ब्राझीलमधल्या तुबाराव बंदरात लोहखनिज भरून आम्ही रॉटरडॅमला निघालो होतो. मी नवा थर्ड मेट, म्हणजे सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा ब्रिज माझ्याकडे. जगभरातली जहाजं हवामानाची निरीक्षणं एकाच वेळी घेतात, ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे दर सहा तासांनी. केप व्हर्देच्या बेटांजवळ जहाजाचं घड्याळ ग्रिनिचच्या एक तास मागे असतं. त्यामुळे बारा जीएमटीचं निरीक्षण आमच्या सकाळी अकराला, माझ्याच वाट्याला येई.

लोहखनिजाच्या जहाजावर धुळीचं कुणाला नवल नसतं. तांबडी भुकटी कपड्यांच्या शिवणीत शिरते, नखांत राहते, चहाच्या कपाच्या कानात बसते. बंदर सोडल्यावर दोन दिवस डेक धुतला तरी कुठून तरी ओघळ येतच राहतो. पण त्या सकाळी रेलिंगवरून हात फिरवला तेव्हा बोटांना लागलं ते तांबडं नव्हतं. कुळथाच्या पिठासारखा रंग होता, आणि इतकं बारीक की चिमटीत चोळलं तर कण लागेना. आफ्रिकेचा किनारा शेकडो किलोमीटर लांब होता.

आभाळ पांढरट होतं. क्षितिजाची रेघ पुसली गेली होती, समुद्र कुठे संपतो ते कळत नव्हतं. सूर्य अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीसारखा, उघड्या डोळ्यांनी बघता येईल इतका मंद. मी नजर फिरवली, निळं काही दिसलं नाही, आणि रकान्यात आठ लिहिले. संदेशाचा कागद रेडिओ ऑफिसरकडे दिला. त्यानं तो पाठवूनही टाकला.

थोड्या वेळानं कॅप्टन वर आले. ते मालवणकडचे. कामाचं बोलणं इंग्रजीत करायचे, पण काही शिकवायचं असलं की मालवणीवर यायचे. त्यांनी लॉगबुक बघितलं, मला बाहेर नेलं आणि काही न बोलता बराच वेळ वर बघत उभे राहिले.

"ढगाक कड आसता रे," ते म्हणाले. "ह्या आभाळाक कड खंय आसा?"

मी कड शोधली. जाड नाही, पातळ नाही, कुठे गडद नाही, कुठे फाटलेलं नाही. मग त्यांनी सरळ डोक्यावर बघायला सांगितलं. तिथे, बरोबर माथ्यावर, धुवून धुवून विटलेल्या सदऱ्यासारखा फिका निळा रंग होता. माथ्यावर आपण धुळीच्या थरातून सरळ वर बघतो, थर कमी लागतो. क्षितिजाकडे तिरपं बघताना त्याच थराचा लांबच लांब पट्टा डोळ्यासमोर येतो आणि सगळं पांढरं दिसतं. शेवटी त्यांनी कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरचे आकडे दाखवले. दोघांतलं अंतर आदल्या दिवसांपेक्षा खूप वाढलेलं होतं. भर समुद्रात हवा कोरडी झाली होती.

आभाळात ढग नव्हताच. होती ती धूळ. नियम असा की धुळीतून आरपार आभाळ दिसत असेल आणि ढगाचा मागमूस नसेल तर आकडा शून्य. ज्या आभाळाला शून्य द्यायचं त्याला मी आठ दिले होते. आणि शेजारच्या रकान्यात, जिथे हवेचा प्रकार लिहितात, तिथे ०६ लिहायला हवं होतं. ०६ म्हणजे हवेत सर्वदूर तरंगणारी धूळ, निरीक्षणाच्या जागी वाऱ्यानं उडालेली नाही, दुसरीकडून आलेली. लॉगबुकात खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि आपली आद्याक्षरं. मी तसं केलं. संदेश मात्र गेला होता, आणि त्या दुपारी हवामानाचा नकाशा काढणाऱ्या कुणाच्या तरी कागदावर अटलांटिकच्या त्या बिंदूवर पूर्ण काळं वर्तुळ, म्हणजे पूर्ण झाकलेलं आभाळ, उमटलं असणार.

ही चूक मला चाळीस वर्षं पुरली. तिच्यामुळे मी धुळीविषयी आणि ढगांविषयी वाचायला लागलो, आणि हळूहळू कळलं की माझा गोंधळ म्हणजे एका मोठ्या प्रश्नाचं छोटं रूप होतं. वाळवंटातली धूळ समुद्रावर गेली की तिथले ढग वाढतात की कमी होतात? शास्त्रज्ञ हे अजूनही मोजत आहेत. आणि मोजण्यातली पहिली अडचण तीच, माझी: ढग कुठला आणि धूळ कुठली.

आपल्याकडे मळभ म्हणतात. कोकणात लहानपणी हा शब्द रोजचा होता. पावसाआधीचं मळभ, आंब्याच्या मोहोराला घात करणारं मळभ. तो शब्द मला आता उच्चारताना त्यातला मळ आधी ऐकू येतो. आभाळ मळलं म्हणायला आणि आभाळ भरलं म्हणायला आपण एकच शब्द ठेवला आहे.

त्या फेब्रुवारीतल्या धुळीकडे परत येतो. हिवाळ्यात सहारावरून ईशान्येकडून कोरडा वारा वाहतो. पश्चिम आफ्रिकेत त्याला हरमॅटन म्हणतात. चाड देशाच्या उत्तरेला बोडेले नावाचा खोलगट भाग आहे. तिबेस्ती आणि एन्नेदी या दोन पहाडी मुलखांच्या मधल्या खिंडारातून वारा तिथे चेपून येतो आणि जमीन अक्षरशः खरवडतो. जगात धूळ उठण्याची याहून मोठी जागा नाही असं मानलं जातं. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे ही जागा तळ्याचा तळ आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिथे जवळपास कॅस्पियन समुद्राएवढं गोड्या पाण्याचं सरोवर होतं. त्यात डायटम नावाचे सूक्ष्म जीव राहत, काचेसारख्या सिलिकाच्या कवचाचे. सरोवर आटलं, कवचं राहिली, त्यांची पांढरी हलकी भुकटी झाली. ती आता उडते.

चार्ल्स डार्विन या पाण्यात माझ्याआधी १५२ वर्षं येऊन गेला होता. 'बीगल' जहाजानं १६ जानेवारी १८३२ ला केप व्हर्देतल्या पोर्टो प्राया इथे नांगर टाकला. त्याच्या आदल्या सकाळी डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाच्या जाळीत अडकलेली तपकिरी धूळ त्यानं पुडीत बांधून घेतली. पुढे ती, आणि दुसऱ्या एका जहाजावर पडलेल्या धुळीच्या चार पुड्या, त्यानं बर्लिनच्या एरेनबर्ग या शास्त्रज्ञाकडे पाठवल्या. एरेनबर्गनं सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाच पुड्यांत ६७ प्रकारचे सजीवांचे अवशेष ओळखले. सूक्ष्मजीवांमधले दोन सोडले तर सगळे गोड्या पाण्यातले. भर समुद्रात, वाळवंटाकडून आलेल्या वाऱ्यात, गोड्या पाण्यातले जीव! त्याला हे किती कोड्यात टाकणारं वाटलं असेल. आज सहाराच्या पोटातली आटलेली तळी माहीत असल्यामुळे आपल्याला ते सहज कळतं.

माझं वर्षही साधं नव्हतं. सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा गवताळ पट्टा आहे. तिथे १९७० च्या आसपास सुरू झालेला दुष्काळ १९८३-८४ मध्ये शिगेला पोहोचला होता. अटलांटिकच्या पलीकडच्या काठावर, बार्बाडोस बेटावर, जोसेफ प्रोस्पेरो या शास्त्रज्ञानं १९६५ पासून हवेतली आफ्रिकेची धूळ मोजायला सुरुवात केली होती. दुष्काळाची वर्षं त्या नोंदींत ठळक दिसतात, आणि १९८३-८४ सगळ्यांत उंच शिखरांपैकी. मी १९७२ चा दुष्काळ शाळकरी वयात पाहिला आहे. घाटावरून कामाच्या शोधात कोकणात उतरलेली माणसं आठवतात. माझ्या बोटाला लागलेल्या त्या पिठात कुणाच्या तरी उघड्या पडलेल्या शेताची माती असेल, हे कळल्यापासून ती धूळ मला निव्वळ धूळ वाटत नाही.

आता उन्हाळा. दोन वर्षांनी जुलै महिन्यात आम्ही त्याच बाजूनं, पण जरा उत्तरेला, मॉरिटानिया आणि कॅनरी बेटांच्या पश्चिमेनं खाली येत होतो. तिथला समुद्र थंड असतो. व्यापारी वारे किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर लोटतात आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यावर ढगांची सलग चादर होती. बुटकी, करडी, गोधडीसारखी टाके घातलेली, शेकडो मैल एकसारखी. स्ट्रॅटोक्युम्युलस. मी चारही बाजूंना कडा शोधल्या, मिळाल्या, टाक्यांच्या रेघा मिळाल्या. आठ लिहिले, आणि या वेळी ते आठच होते.

जे मला दिसलं नव्हतं ते त्या चादरीच्या वर होतं. ते समजायला आणखी वीस वर्षं गेली. उन्हाळ्यात सहारावरची हवा इतकी तापते की धुळीला घेऊन पाच-सहा किलोमीटर वर चढते. ही तापलेली कोरडी हवा किनाऱ्यावर आली की समुद्रावरच्या गार, जड हवेत शिरत नाही. तिच्यावर चढून पुढे सरकते. समुद्रापासून साधारण दीड किलोमीटरवर तिचा तळ असतो आणि पाच-सहा किलोमीटरवर माथा. अशी धुळीची जाड पट्टी उन्हाळाभर लाटांसारखी पश्चिमेला निघते आणि आठवड्याभरात कॅरिबियन बेटांवर पोहोचते. जून २०२० मधली अशी एक लाट एवढी मोठी होती की अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत आभाळ दुधी झालं होतं. म्हणजे मी जुलैत त्या चादरीखालून जात असताना वरून वाळवंट जात असण्याची शक्यता दाट होती, मधे ढगांचा पडदा.

या दोन थरांचं नातं समजून घ्यायला मला भाताच्या पातेल्याचा उपयोग झाला. एरवी वर जावं तसं हवा गार होत जाते. या भागात मात्र काही उंचीवर गरम हवेचा थर बसलेला असतो, आणि भूगोलाच्या पुस्तकात ज्याला तापमानाची विपरीतता म्हणतात ती तयार होते. ते झाकण. समुद्रावरून उठलेली वाफ वर जाते, झाकणाला टेकते, पुढे जाता येत नाही, तिथेच पसरते. म्हणून ढग उंच न होता आडवा होतो, चादर होतो. धूळ सूर्याचं ऊन शोषून वरचा थर आणखी तापवते. झाकण घट्ट बसतं. वरची कोरडी हवा खाली मिसळत नाही, खालची दमट हवा निसटत नाही, आणि चादर टिकते. शिवाय धूळ वरच्या वर ऊन अडवते, तेव्हा खालचा समुद्र थोडा गारच राहतो, आणि गार समुद्रावर असे बुटके ढग जास्त जमतात. धूळ ढगाच्या वर असली तर ती त्याची पाठराखीण होते.

पण हीच धूळ ढगाच्या उंचीवर आली तर? हिवाळ्यात हरमॅटनबरोबर ती खालून, समुद्राला लागून येते, जशी ती आमच्या रेलिंगवर आली होती. मग ऊन शोषून तापते ती ढगातलीच हवा. तापलेल्या हवेला जास्त वाफ सामावते. थेंब विरतात, ढग पातळ होतो, फाटतो, जातो. त्यातून ती हवा मुळात कोरडी. माझ्या फेब्रुवारीतल्या त्या शून्यात नुसता कॅप्टनचा डोळा नव्हता, हेही होतं.

दोन्ही वेळा धूळ तीच, ऊन तेच, समुद्रही जवळपास तोच. फरक उंचीचा. म्हणून "धुळीमुळे समुद्रावरचे ढग वाढतात" किंवा "धुळीमुळे ढग घटतात" असं सुटं वाक्य कुठे वाचलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. कुठल्या समुद्रावर, कुठल्या महिन्यात, धूळ किती उंचीवर आणि खालचा ढग कुठल्या जातीचा, एवढं सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

जातीचं मुद्दाम म्हटलं. बार्बाडोसकडे समुद्र उबदार आहे. तिथे चादर नसते, कापसाचे पुंजके असतात, क्युम्युलस, खालून सपाट आणि वर फुलत जाणारे. त्यांना वर वाढायला मोकळीक लागते. जर्मनीच्या 'हॅलो' या संशोधन विमानानं ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे धुळीच्या पट्टीवरून उडून लेझरनं खालचे ढग न्याहाळले. धुळीखालचे ढग संख्येनं कमी होते, आकारानं लहान आणि बुटके होते. गार समुद्रावरच्या चादरीला जे झाकण मानवतं, ते उबदार समुद्रावरच्या पुंजक्याची वाढ खुंटवतं. त्या मोहिमेत आणखी एक बारीक गोष्ट हाती लागली. धुळीच्या पट्टीत थोडी वाफही असते, आणि त्या थराचं तापणं-निवणं ठरवण्यात धुळीपेक्षा त्या वाफेचाच वाटा मोठा निघाला. म्हणजे आपण जिला धुळीची करणी म्हणतो तिच्यात वाळवंटातून सोबत आलेल्या पाण्याचाही हात आहे. मला हे फार आवडलं. सहारा पाणी पाठवतो, आणि तेही मोजण्याइतकं!

कणाच्या पातळीवरचं शास्त्र वेगळंच आहे, त्यावर धावती नजर टाकतो. ढगाच्या थेंबाला जमायला कण लागतो. नुसता धुळीचा कण या कामाला फारसा बरा नाही, पण वाटेत त्याच्यावर मिठाचा किंवा सल्फेटचा लेप बसला की तो चांगलं बीज होतो. आणि उंचावर, शून्य अंशाच्या बऱ्याच खाली, थेंबाचं बर्फ व्हायला धूळ मदत करते. त्यातही फेल्डस्पार हे खनिज या कामात पटाईत असल्याचं २०१३ मध्ये दिसून आलं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मला घरचे विचारतात. स्ट्रॅटोक्युम्युलसच्या चादरी पृथ्वीच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर पसरलेल्या असतात. खाली समुद्र काळा, ऊन पिणारा. वर चादर पांढरी, ऊन परतवणारी. ती चादर थोडी जरी आक्रसली तरी समुद्रात शिरणारं ऊन वाढतं, आणि पृथ्वी पुढे किती तापेल या हिशेबातला सर्वांत डळमळीत आकडा याच बुटक्या ढगांचा आहे. धूळ कमी-जास्त झाली की हे ढग कसे वागतील, हे त्या हिशेबातलं एक कलम आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही, शास्त्रज्ञ नाही. पण ज्या ढगांखालून माझी नोकरीची निम्मी वर्षं गेली त्यांच्यावर एवढं अवलंबून असेल, तर मला ते माहीत असायला हवं.

उपग्रह आल्यावर माझ्यासारख्यांची गरज संपली असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यालाही दाट धूळ ढगासारखी पांढरट दिसते, आणि ढग ओळखायला लिहिलेले नियम कधी कधी धुळीला ढगांत मोजतात. माझी चूक, अवकाशातून. २००६ मध्ये नासा आणि फ्रान्सच्या अवकाशसंस्थेनं मिळून सोडलेल्या कॅलिप्सो या उपग्रहानं हे कोडं बरंच सोडवलं. तो लेझरचा झोत खाली सोडायचा आणि परत आलेल्या प्रकाशावरून कुठल्या उंचीवर काय आहे ते सांगायचा. धुळीचे कण ओबडधोबड असतात, पाण्याचे थेंब गोल. परतलेल्या प्रकाशात तो फरक कळतो. कॅलिप्सोनं काढलेला सहाराच्या पश्चिमेचा पहिला उभा छेद मी संगणकावर बघितला तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. खाली ढगांची बारीक रेघ, मधे थोडी मोकळी जागा, वर धुळीचा जाड पट्टा. जुलैतल्या त्या दिवशी माझ्या डोक्यावर जे होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. २०२३ मध्ये त्या उपग्रहाचं काम थांबलं.

तरी जुन्या काळातलं आभाळ बघायला उपग्रह मागे जाऊ शकत नाहीत. तिथे जहाजांच्या वह्याच लागतात. समुद्रावरची निरीक्षणं सगळ्या देशांनी एकाच पद्धतीनं घ्यावीत हे १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत ठरलं. १९८८ मध्ये अमेरिकेत स्टीफन वॉरन, कॅरोल हान आणि सहकाऱ्यांनी सगळ्या महासागरांवरच्या ढगांचा नकाशासंग्रह काढला तो १९५२ ते १९८१ या तीस वर्षांतल्या जहाजांच्या नोंदींवरून. माझ्याआधीच्या पिढीनं ब्रिजच्या बाहेर उभं राहून केलेले आठ भाग त्यात आहेत. मी समुद्रावर गेलो तेव्हा, १९८४-८५ च्या सुमाराला, अशी स्वेच्छेनं निरीक्षणं पाठवणारी जहाजं जगात साडेसात हजारांहून जास्त होती. त्यापेक्षा जास्त पुन्हा कधी झाली नाहीत. आता अनेक जहाजांवर स्वयंचलित यंत्रं आहेत. ती हवेचा दाब, तापमान, वारा चोख मोजतात. वर बघून आठ भाग करणारं माणूस त्यांच्यात नसतं. मला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवावंसं वाटत नाही.

पुढे मी अरबी समुद्रात बरीच वर्षं काढली, आखाताच्या फेऱ्या. तिथे ०६ हा आकडा सवयीचा होता. आखातात शमाल नावाचा वारा सुटला की इराकची धूळ ब्रिजच्या काचेवर बसायची. पण मला जास्त ओढ होती ती जुलैमधल्या ओमानच्या दक्षिण किनाऱ्याची. सोमालियापासून ओमानपर्यंत मोसमी वारा किनाऱ्याचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि कॅनरीसारखंच दृश्य इथे दिसतं. सलालाच्या डोंगरांवर बुटके ढग टेकतात, दोन महिने झिमझिम पडते, वाळवंटाच्या काठावर हिरवळ येते. तिथले लोक त्या ऋतूला खरीफ म्हणतात. आपल्या शेतीतला तोच शब्द, पहिल्यांदा तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकला तेव्हा अंगावर शहारा आला होता.

त्या ढगांवरही झाकण असतं. खाली मोसमी वाऱ्याची दमट गार हवा, वर अरबस्तानावरून आलेली गरम कोरडी हवा आणि तिच्यात धूळ. १९६० च्या दशकात हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत या झाकणाची नीट ओळख झाली, आणि १९७९ मध्ये मोनेक्स या मोसमी वाऱ्याच्या अभ्यासमोहिमेत विमानांनी त्यातून उडून मोजमापं घेतली. आपल्या किनाऱ्याकडे येता येता हे झाकण सैल होतं, उचललं जातं. सलालाला जी वाफ चादर होऊन पसरते ती सह्याद्रीपाशी उभी राहून कोसळते. एकाच वाऱ्याचं हे दोन टोकांचं वागणं मी कितीदा पाहिलं असेल. सलालासमोर करडं, बुटकं, शांत आभाळ. चार दिवसांनी मुंबईच्या बाहेर नांगरावर, डोळ्यांसमोरचा हात दिसू नये असा पाऊस.

आणि त्या धुळीचा आपल्या पावसाशीही संबंध निघाला. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की अरबी समुद्रावर आणि पश्चिम आशियावर धूळ वाढली की साधारण आठवड्याभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो. धूळ ऊन शोषते, तिथली हवा तापते, आणि समुद्रावरून भारताकडे येणारा दमट वारा जोर धरतो. ही अल्प काळाची चढउतार आहे, सगळ्या मोसमाचं गणित नव्हे. पण विदर्भातल्या एखाद्या सोयाबीनच्या शेतावर पडलेल्या सरीत आठ दिवसांपूर्वीच्या अरबस्तानातल्या वावटळीचा वाटा असू शकतो. मी ही गोष्ट गावाकडे सांगितली तेव्हा कुणाला खोटी वाटली नाही. पाऊस लांबून येतो हे त्यांना माहीतच आहे.

निवृत्तीनंतर मी ठाण्यात राहतो. गच्चीवर जायचं, सकाळी साडेअकराला एक आणि संध्याकाळी साडेपाचला एक, अशी दोन निरीक्षणं शाळेच्या शंभरपानी वहीत लिहायची, ही सवय सुटलेली नाही. २३ जानेवारी २०२२, रविवार. आदल्या दिवशी अवेळी पावसाचा शिडकावा झाला होता. सकाळी उठलो तर गाड्यांच्या टपांवर, तुळशीच्या पानांवर, वाळत टाकलेल्या कपड्यांवर पांढरट पूड. पाकिस्तानच्या बाजूनं उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचलं होतं. खाडीपलीकडचे डोंगर दिसत नव्हते, आणि जानेवारीच्या मानानंही दिवस विचित्र गार होता. शेजारच्या गच्चीवरून एका बाईंनी विचारलं, "काका, पुन्हा पाऊस येणार का हो? केवढं मळभ आलंय."

मी वही उघडून उभा होतो. सूर्य थाळीसारखा होता. माथ्यावर बघितलं, फिका निळा शोधला, तो होता. मग कडा शोधायला लागलो. साडेअकरा होऊन गेले तरी थांबलो, कारण धुळीच्या मागे काहीतरी हलतंय असं वाटत होतं. बऱ्याच वेळानं नैर्ऋत्येला, खाडीच्या अंगाला, एका जागी पांढऱ्यावर जरा जास्त पांढरं दिसलं आणि त्याच्या खालच्या बाजूला सपाट रेघ होती. मग तिच्या शेजारी दुसरी.

"कमी आहेत ढग," मी बाईंना म्हटलं. "बाकी धूळ आहे."

वहीत लिहिलं: ढग २. हवा ०६.